उन्हावर चालणारा विमानतळ

पाठ-परिचय : केरळ राज्यातील कोची येथील विमानतळ सौर ऊर्जेवर चालतो. प्रस्तुत पाठात आपण मनाने त्या विमानतळाची सहल करणार आहोत. पाऊस, पूर आणि डोंगर यांच्या मुलखात राहणाऱ्या आपल्याला या सहलीतून काय शिकता येईल, याचाही विचार पाठात केला आहे.

मुलांनो, महाड किंवा पोलादपूरच्या माणसाला पाऊस म्हणजे काय, हे सांगावे लागत नाही. जूनमध्ये सह्याद्रीच्या माथ्यावर ढग टेकले, की ते सप्टेंबरपर्यंत हलायचे नाव घेत नाहीत. धुतलेले कपडे चार चार दिवस वाळत नाहीत. वह्यांची पाने दमट होतात. डोंगरावरच्या वाडीत एखादे झाड विजेच्या तारेवर पडले, की सगळी वाडी अंधारात बुडते. मग कंदील, मेणबत्ती आणि मोबाईलचा दिवा हाच आधार!

म्हणूनच वर्गात सौर ऊर्जेचा विषय निघाला, की मागच्या बाकावरून एक प्रश्न हमखास येतो, "सर, आपल्याकडे चार महिने सूर्यच दिसत नाही. इथे सूर्याची वीज काय कामाची?"

प्रश्न अगदी योग्य आहे. याचे उत्तर फळ्यावर लिहून देण्यापेक्षा प्रत्यक्ष पाहणे बरे. त्यासाठी आपण अशा ठिकाणी जाऊ, जिथे आपल्यासारखाच धो धो पाऊस पडतो आणि तरीही एक मोठा विमानतळ उन्हावर चालतो. चला तर, मनाच्या गाडीत बसा!

महाडच्या एस.टी. स्थानकावरून आपण सकाळीच पनवेल गाठले. पनवेलहून कोकण रेल्वेच्या मार्गाने केरळकडे जाणारी गाडी पकडली. खिडकीबाहेर पाहा. रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे आपले तीन जिल्हे मागे पडले. गोवा आला, मग कर्नाटकाचा किनारा आला. सगळीकडे तेच दृश्य : लाल माती, नारळी, भाताची खाचरे, कौलारू घरे आणि एका बाजूला डोंगर. केरळात शिरल्यावर पय्यन्नूर, कण्णूर, कोझिकोडे आणि त्रिशूर ही स्थानके लागतात. पय्यन्नूर आणि कोझिकोडे ही दोन नावे लक्षात ठेवा. परत येताना आपल्याला तेथे काम आहे.

आपण आलुवा स्थानकावर उतरलो. येथून जवळच नेडुम्बसेरी नावाचे गाव आहे. कोचीचा आंतरराष्ट्रीय विमानतळ याच गावात आहे. हा विमानतळ १९९९ साली सुरू झाला. तो बांधण्यासाठी परदेशात नोकरी करणाऱ्या हजारो केरळी लोकांनी पैसे दिले. दुबई, दोहा आणि कुवेत येथे घाम गाळणाऱ्या माणसांनी आपल्या कमाईतला वाटा गावाकडच्या विमानतळासाठी दिला. तुमच्यापैकी कितीतरी जणांचे अब्बा, चाचा किंवा मामू आखाती देशांत नोकरी करतात. त्यांना सोडायला तुम्ही कधीतरी मुंबईच्या विमानतळावर गेला असाल. तेव्हा एक गोष्ट तुमच्या लक्षात आली असेल. विमानतळावर रात्र होतच नाही.

आठवून पाहा. मध्यरात्री दोन वाजतासुद्धा तेथे लखलखाट असतो. सरकते जिने फिरत असतात. सामानाचे पट्टे चालू असतात. थंड हवेची यंत्रे क्षणभरही थांबत नाहीत. धावपट्टीच्या दोन्ही कडांना दिव्यांच्या रांगा पेटलेल्या असतात. त्या दिव्यांवाचून रात्री विमान उतरवणे फार कठीण. म्हणजे विमानतळाला रात्रंदिवस वीज लागते आणि तीही भरपूर. कोचीच्या विमानतळाला २०१५ साली दिवसाला सुमारे ४८ हजार युनिट वीज लागत होती. विजेचे बिल पाहून तेथील अधिकाऱ्यांना प्रश्न पडला, की ही वीज आपण स्वतःच तयार केली तर?

त्यांनी घाई केली नाही. २०१३ साली त्यांनी प्रवासी इमारतीच्या छतावर फक्त १०० किलोवॅटची सौर पॅनेल बसवली. ती नीट चालतात, असे दिसल्यावर विमानांच्या दुरुस्तीच्या जागेत १ मेगावॅटचे, म्हणजे दहापट मोठे केंद्र उभारले. त्याचाही अनुभव चांगला आला. मग मालवाहतूक विभागाजवळच्या ४५ एकर मोकळ्या जमिनीवर १२ मेगावॅटचे मोठे केंद्र उभे राहिले. त्याला सुमारे ६२ कोटी रुपये खर्च आला. १८ ऑगस्ट २०१५ रोजी केरळचे तेव्हाचे मुख्यमंत्री ओमन चंडी यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. त्या दिवसापासून हा विमानतळ संपूर्णपणे सौर ऊर्जेवर चालणारा जगातील पहिला विमानतळ म्हणून ओळखला जातो. २०१८ साली संयुक्त राष्ट्रसंघाने पर्यावरणाच्या कामासाठी दिला जाणारा आपला सर्वोच्च सन्मान या विमानतळाला दिला.

आता आपण त्या केंद्रात प्रवेश करू. खऱ्याखुऱ्या सहलीला गेलात, तर आधी लेखी परवानगी काढावी लागेल, कारण विमानतळावर सुरक्षा कडक असते. मनाच्या सहलीला परवानगी लागत नाही!

समोर पाहा. ४५ एकर म्हणजे १८०० गुंठे. तुमच्या गावातली किती भातखाचरे यात मावतील? या सगळ्या जमिनीवर काळ्या-निळ्या पॅनेलांच्या रांगाच रांगा दिसतात. एकूण ४६,१५० पॅनेल आहेत. सेकंदाला एक याप्रमाणे मोजू लागलात, तर जवळजवळ तेरा तास लागतील! सर्व पॅनेल दक्षिणेकडे थोडी कललेली आहेत. आपण विषुववृत्ताच्या उत्तरेला राहतो. त्यामुळे वर्षातील बहुतेक दिवस दुपारचा सूर्य आपल्याला दक्षिणेकडे झुकलेला दिसतो. पॅनेलांचे तोंड म्हणूनच तिकडे केलेले असते.

येथे धूर नाही, घरघर नाही, फिरणारे चाक नाही. मग वीज तयार होते तरी कशी? प्रत्येक पॅनेलमध्ये सिलिकॉनच्या पातळ चकत्या बसवलेल्या असतात. सिलिकॉन हा पदार्थ वाळूपासून मिळवतात. सूर्याचा प्रकाश या चकत्यांवर पडला, की त्यांच्यातील इलेक्ट्रॉन हलू लागतात आणि विजेचा प्रवाह सुरू होतो. हा प्रवाह बॅटरीच्या प्रवाहासारखा एकाच दिशेने वाहणारा असतो. घरातील पंखे आणि दिवे मात्र दिशा बदलणाऱ्या प्रवाहावर चालतात. म्हणून ही वीज आधी इन्व्हर्टर नावाच्या यंत्रातून नेतात. तेथे तिचे रूप बदलते. नंतर रोहित्र, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, तिचा दाब वाढवतो आणि ती पुढे जाते.

"पण एवढ्या चकचकीत काचांमुळे वैमानिकाचे डोळे दिपणार नाहीत का?" असे तुम्ही विचाराल. पॅनेल आणि आरसा यांत मोठा फरक आहे. आरसा प्रकाश परत पाठवतो. पॅनेलचे काम प्रकाश पिऊन घेण्याचे आहे. म्हणून त्याचा रंग गडद असतो आणि त्याच्या काचेवर चमक कमी करणारा थर असतो. तरीही विमानतळाजवळ पॅनेल बसवण्यापूर्वी या गोष्टीची तपासणी करतात. विमानतळाच्या आसपास उंच इमारती बांधता येत नाहीत. त्यामुळे बुटक्या पॅनेलांसाठी अशी मोकळी जागा सोयीचीच असते.

आता जरा खाली वाका. पॅनेलांच्या खाली आणि मधल्या जागेत काय आहे? भोपळा, भेंडी, काकडी यांसारख्या भाज्या! पॅनेलवर धूळ बसली, की वीज कमी तयार होते. म्हणून ती वरचेवर धुवावी लागतात. धुतलेले पाणी खाली पडते आणि त्याच पाण्यावर भाज्या वाढतात. एकाच जमिनीतून दोन पिके निघतात. वर विजेचे आणि खाली भाजीचे.

मुलांनो, आता आपल्या प्रश्नाकडे वळू. सूर्य मावळला, की पॅनेल थांबतात. आखाती देशांकडे जाणारी कितीतरी विमाने तर रात्रीच उडतात. मग कोचीच्या विमानतळावर रात्री दिवे कसे लागतात? मोठमोठ्या बॅटऱ्या भरून ठेवतात का?

नाही. त्यांची युक्ती अगदी साधी आहे आणि ती आपल्या घरातही रोज चालते. तिचे नाव आहे उसनवारी.

समजा, सकाळी तुमच्या म्हशीने जास्त दूध दिले. तुम्ही दोन लिटर दूध शेजारच्या खालांकडे दिले. संध्याकाळी पाहुणे आले आणि तुमच्या घरी दूध संपले. तुम्ही खालांकडून दोन लिटर दूध आणले. हिशेब पुरा झाला. तुम्ही दिलेलेच दूध परत आले का? नाही. पण जेवढे दिले, तेवढे मिळाले.

विमानतळही असेच करतो. येथील शेजारीण म्हणजे केरळ राज्याचे विजेचे जाळे. या जाळ्याला ग्रिड म्हणतात. दुपारी ऊन कडक असते, तेव्हा पॅनेलांतून गरजेपेक्षा जास्त वीज निघते. ती जाळ्यात जमा होते. रात्री विमानतळ जाळ्यातून वीज घेतो. मीटर दोन्ही बाजूंचा जमाखर्च लिहून ठेवतो. आता थोडे गणित करू. आपल्या देशात १ किलोवॅटच्या पॅनेलांपासून वर्षभराची सरासरी धरली, तर दिवसाला सुमारे ४ युनिट वीज मिळते. कोचीला २०१५ साली तिन्ही केंद्रे मिळून सुमारे १३ मेगावॅट, म्हणजे १३ हजार किलोवॅटची पॅनेल होती. १३ हजार गुणिले ४ म्हणजे ५२ हजार युनिट. विमानतळाची गरज होती सुमारे ४८ हजार युनिट. जमेची बाजू खर्चापेक्षा मोठी ठरली!

म्हणून "संपूर्णपणे सौर ऊर्जेवर चालणारा" या शब्दांचा अर्थ नीट समजून घ्या. रात्री पेटणाऱ्या दिव्यात सूर्याचीच वीज असते, असा त्याचा अर्थ नाही. ती जाळ्यातील कोणत्याही केंद्राची असू शकते. विमानतळ जेवढी वीज घेतो, तेवढी किंवा त्याहून जास्त सूर्याची वीज तो परत देतो, असा त्याचा अर्थ आहे. हिशेब चोख असेल, तर मोठा शब्द वापरायला हरकत नाही. पण शब्दामागचा हिशेब आपल्याला माहीत असला पाहिजे.

आणि पावसाचे काय? कोचीला वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. आपल्या महाडपेक्षा फार मागे नाही! ढगाळ दिवशी तुम्ही ओट्यावर बसून पुस्तक वाचू शकता, होय ना? म्हणजे ढगांतून गाळून का होईना, प्रकाश येतच असतो. पॅनेलांना तेवढा प्रकाशही उपयोगी पडतो. वीज मात्र खूपच कमी मिळते. ही घट झाकून ठेवण्यात अर्थ नाही. पण मार्च, एप्रिल आणि मे महिन्यांत सूर्य भरभरून देतो. तेव्हाची जमा जुलैच्या खर्चाला उपयोगी पडते. आपल्या घरी उन्हाळ्यातच पापड, सांडगे आणि सुकी मासळी करून ठेवतात ना? तोच हा विचार.

आता परतीची गाडी पकडू. वाटेत पहिला मुक्काम कोझिकोडे जिल्ह्यात. तेथे डोंगरातून वाहणाऱ्या नदीवर अरिप्पारा नावाच्या ठिकाणी याच विमानतळाने ४.५ मेगावॅटचे छोटे जलविद्युत केंद्र उभारले आहे. ते २०२१ साली सुरू झाले. ही योजना पाहिली, की तिच्यामागचा विचार कळतो. पावसाळ्यात पॅनेल सुस्तावतात, पण नदी जोरात धावू लागते! हे केंद्र पूर्ण क्षमतेने चोवीस तास चालले, तर दिवसाला १ लाख ८ हजार युनिट वीज देईल. १२ मेगावॅटचे सौर केंद्र दिवसाला सरासरी ४८ हजार युनिट देते. असे का? कारण सूर्य संध्याकाळी घरी जातो, नदी रात्रीही काम करते. उन्हाळ्यात मात्र नदी बारीक होते आणि सूर्य जोमात येतो. एक थकला, की दुसरा कामाला उभा!

दुसरा मुक्काम कण्णूर जिल्ह्यातील पय्यन्नूर येथे. २०१७ साली कोचीच्या विमानतळावर नवी इमारत सुरू झाली. विजेची गरज वाढली. पॅनेलही वाढवावी लागली. वाहने उभी करण्याच्या जागेवरही पॅनेलांचे छप्पर झाले. शेवटी दूर पय्यन्नूरला मार्च २०२२ मध्ये आणखी एक १२ मेगावॅटचे केंद्र सुरू झाले. तेथील जमीन सपाट नाही. ती चढउतारांची आहे. टेकडी कापून सपाट करण्याऐवजी जमिनीच्या उताराप्रमाणेच पॅनेल बसवली आहेत. डोंगरात राहणाऱ्या आपल्यासाठी ही गोष्ट महत्त्वाची आहे. उतार खणला आणि झाडे तोडली, तर पावसात माती सुटते. मग वीज मिळेल, पण गाव धोक्यात येईल.

हा धोका आपण पाहिला आहे. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळली आणि ऐंशीपेक्षा जास्त माणसे गेली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडी येथेही दरडी कोसळल्या. त्याच वेळी महाड शहरात सावित्री आणि गांधारी नद्यांचे पाणी शिरले होते. तुम्ही तेव्हा लहान होता. पण घरातील मोठ्या माणसांना विचारा. ते सांगतील, की पाण्याइतकीच भीती अंधाराची वाटत होती. वीज नव्हती. मोबाईल बंद पडले होते. कोण कुठे अडकले आहे, हे कळायला मार्ग नव्हता.

कोचीच्या विमानतळानेही असा दिवस पाहिला आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये केरळात महापूर आला. पेरियार नदीचे पाणी विमानतळाच्या भिंती पाडून धावपट्टीवर आले. सौर केंद्राचेही नुकसान झाले. १५ ऑगस्टला बंद झालेला विमानतळ २९ ऑगस्टला पुन्हा सुरू झाला. म्हणजे सौर ऊर्जेमुळे पूर टळत नाही. पुराच्या मुलखात यंत्र बसवायचे, तर पुराचा विचार आधी करावा लागतो.

आता एक गोष्ट अगदी लक्ष देऊन वाचा. पुष्कळ लोकांना ती माहीत नसते. समजा, तुमच्या घराच्या किंवा शाळेच्या छतावर विजेच्या जाळ्याला जोडलेली पॅनेल आहेत. आकाशात ऊन आहे, पण पुरामुळे गावातील वीज गेली आहे. अशा वेळी तुमच्या घरात दिवा लागेल का? बहुतेक जण म्हणतील, "हो, लागेल." उत्तर आहे, "नाही." जाळ्यातील वीज गेली, की असा इन्व्हर्टर स्वतःहून बंद होतो. हा त्याचा दोष नाही. तो मुद्दाम तसा बनवलेला असतो. कारण त्या वेळी गावातला वायरमन खांबावर चढून तुटलेली तार जोडत असतो. तार मेलेली आहे, असे समजून तो तिला हात लावतो. तुमच्या छतावरची वीज त्याच तारेत शिरली, तर त्याचा जीव जाईल! आपल्या घरातील उजेडापेक्षा त्याचा जीव मोलाचा आहे.

मग पुराच्या रात्री दिवा हवा असेल तर? त्यासाठी बॅटरी लागते आणि वीज गेल्यावर घर जाळ्यापासून वेगळे करणारी योग्य जोडणी लागते. तेवढी ऐपत नसेल, तर छोटे पॅनेल असलेला सौर कंदील घ्यावा. तो कोणत्याही जाळ्याला जोडलेला नसतो. रात्री अभ्यासाला, आजारी माणसाजवळ आणि मोबाईल चार्ज करायला असा एक कंदीलही मोठा आधार देतो. उसनवारीने बिल कमी होते. संकटाच्या रात्रीसाठी मात्र घरात स्वतःची शिदोरी लागते.

आपल्या शाळेचा हिशेब करून पाहू. समजा, १० पंखे आणि १० एल.ई.डी. नळ्या रोज सहा तास चालतात. एक पंखा ७५ वॅटचा आणि एक नळी २० वॅटची धरा. एकूण ९५० वॅट झाले. सहा तासांत ५,७०० वॅट-तास, म्हणजे ५.७ युनिट वीज लागते. छतावर ३ किलोवॅटची पॅनेल असतील, तर दिवसाला सरासरी १२ युनिट मिळतील. शिवाय मे महिन्यात शाळेला सुट्टी असते आणि ऊन सर्वांत कडक असते. ती सगळी वीज जमेला! घरांच्या छतांसाठी केंद्र सरकारने २०२४ साली सूर्यघर योजना सुरू केली. अशा योजनांचे आणि मीटरचे नियम वेळोवेळी बदलतात. म्हणून आधी वीज कार्यालयात जाऊन नीट चौकशी करावी.

वीज तयार करणे आपल्या जिल्ह्याला नवे नाही. रायगड जिल्ह्यातील खोपोली येथे १९१५ साली आणि भिरा येथे १९२७ साली जलविद्युत केंद्रे सुरू झाली. सह्याद्रीवरच्या पाण्याने मुंबईच्या गिरण्या चालवल्या. आता आपल्याच जिल्ह्यात नवी मुंबईचा विमानतळ उभा राहिला आहे. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी त्याचे उद्घाटन झाले आणि २५ डिसेंबर २०२५ पासून तेथून प्रवासी विमाने उडू लागली. तेथेही सुमारे ४७ मेगावॅट सौर वीज तयार करण्याची योजना आहे. तुम्ही मोठे व्हाल, तेव्हा अशा ठिकाणी पॅनेल बसवणारे, दुरुस्त करणारे आणि त्यांचा हिशेब ठेवणारे हात लागतील. ते हात महाडचे आणि पोलादपूरचे का असू नयेत? त्यासाठी आखातात जाण्याची गरज नाही.

आपली सहल संपली. गाडी पनवेलला आली आणि आपण पुन्हा आपल्या वर्गात येऊन बसलो. मागच्या बाकावरच्या प्रश्नाचे उत्तर आता तुम्हीच देऊ शकता. पावसाच्या मुलखातही सूर्याची वीज कामाची आहे. फक्त तिचा हिशेब वर्षाचा धरावा, डोंगर न कापता ती मिळवावी आणि संकटासाठी थोडी वीज आपल्याजवळ राखून ठेवावी.

आज घरी गेल्यावर एक काम करा. "२०२१ साली आपल्याकडे पाणी कुठपर्यंत आले होते?" असे अम्मींना किंवा दादांना विचारा. त्या जागी भिंतीवर खडूने एक रेघ ओढा. उद्या तुमच्या घरी बॅटरी आली, तर ती त्या रेघेच्या वर ठेवायची आहे.

शब्दार्थ

ऊर्जा – शक्ती (उर्दू : तवानाई)
सौर – सूर्याचा, सूर्यासंबंधी (उर्दू : शम्सी)
विमानतळ – विमाने उतरण्याची व उडण्याची जागा (उर्दू : हवाई अड्डा)
वैमानिक – विमान चालवणारा
धावपट्टी – विमान धावते तो लांब रस्ता
मुलूख – प्रदेश (उर्दू : इलाक़ा)
खाचर – बांध घातलेले भाताचे शेत
उसनवारी – परत देण्याच्या बोलीवर वस्तू देणे-घेणे (उर्दू : उधार लेन-देन)
दरड – डोंगराचा तुटून खाली येणारा भाग
ऐपत – खर्च करण्याची ताकद (उर्दू : हैसियत)
शिदोरी – प्रवासासाठी बरोबर घेतलेले जेवण (उर्दू : तोशा)

वाक्प्रचार

हलायचे नाव न घेणे – मुळीच न हलणे
घाम गाळणे – खूप कष्ट करणे
डोळे दिपणे – तीव्र प्रकाशाने डोळ्यांना न दिसणे

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) कोचीचा विमानतळ कोणत्या गावात आहे?
(आ) १२ मेगावॅटच्या केंद्रात एकूण किती पॅनेल आहेत?
(इ) पॅनेल धुतलेल्या पाण्याचा उपयोग कशासाठी करतात?
(ई) पय्यन्नूरचे सौर केंद्र कशा प्रकारच्या जमिनीवर आहे?

प्र. २. कारणे लिहा.
(अ) पॅनेलांचे तोंड दक्षिणेकडे केलेले असते.
(आ) जाळ्यातील वीज गेली, की इन्व्हर्टर स्वतःहून बंद होतो.
(इ) सौर केंद्राच्या जोडीला नदीवरचे केंद्र उपयोगी पडते.

प्र. ३. चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) 'उसनवारी' म्हणजे काय, ते दुधाच्या उदाहरणाने सांगा.
(आ) "संपूर्णपणे सौर ऊर्जेवर चालणारा" या शब्दांचा खरा अर्थ तुमच्या शब्दांत लिहा.

प्र. ४. गणित सोडवा.
१२ मेगावॅट म्हणजे १,२०,००,००० वॅट. पॅनेल ४६,१५० आहेत. तर एक पॅनेल साधारणपणे किती वॅटचे आहे?

प्र. ५. भाषाभ्यास.
(अ) जमा, खर्च, हिशेब, बाकी हे शब्द मराठीत आणि उर्दूत दोन्हीकडे आहेत. असे आणखी पाच शब्द शोधा व त्यांचा मराठी वाक्यांत उपयोग करा.
(आ) 'सूर्य' या नामापासून 'सौर' हे विशेषण तयार होते. 'पाऊस', 'डोंगर' आणि 'ढग' या नामांपासून तयार होणारी विशेषणे लिहा.

उपक्रम : तुमच्या घरातील एका महिन्याचे विजेचे बिल पाहा. किती युनिट वीज लागली, ते लिहा. तेवढी वीज मिळवण्यासाठी छतावर किती किलोवॅटची पॅनेल लागतील, ते पाठातील माहितीच्या आधारे काढा आणि वर्गात वाचून दाखवा.